निष्काळजी नव्हतात तुम्ही, रत्नमालाताई

अन्याय झाला तो रत्नमाला शिंदे यांच्यावर. वटपौर्णिमेनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. धाराशिवातल्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहाच्या साइटवर फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांची यादी असते. त्या यादीत बेंबळीच्या, म्हणजे ताईंच्या, केंद्रापुढं लाल अक्षरांत शेरा दिसला: 'बंद. केंद्रचालकाचा निष्काळजीपणा.' साइट उघडणाऱ्या कुणालाही तो दिसत होता. आजही दिसतो.

ताई, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. लोक चांगलंच बोलतायत. हसतमुख होत्या, कुणाला नाही म्हणाल्या नाहीत, बेंबळीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं टायपिंगला त्यांनीच वळवली. बोटांचं खरं आहे. हसतमुख मात्र तुम्ही नव्हताच. निदान माझी पत्रकं टाइप करताना तरी तुमच्या कपाळाची आठी मोडलेली मी पाहिली नाही. 'एका पानात सात वेळा धिक्कार? एवढा धिक्कार करून दमत न्हाईस व्हय रे?' असं विचारून मला न सांगता तुम्ही पाच धिक्कार खोडले होते. पत्रक वाटून झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं. आणि कुणालाच काही कमी वाटलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला होता.

बारा दहाची ती वेळ मी तुमच्या वहीतनं घेतली आहे. पण वही नसती तरी मला आठवली असती, कारण मी तुमच्या समोरच्या खुर्चीत होतो. आधी कोमलच्या वडलांचा फोन आला. कोमल म्हणजे वस्तीवरची, दहावी होऊन अकरावीला धाराशिवला जायला निघालेली पोरगी. वसतिगृह मिळालं तर कॉलेज, नाही तर घर, हे तिच्या वडलांनी फॉर्म भरायला आले तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पहिली यादी लागली आणि त्यात ती नव्हती. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: फोटो नाही.

तुम्ही साइट उघडली. कोमलचा अर्ज अपूर्ण. तिच्या खालच्या मुलीचा अपूर्ण. तुमच्या केंद्रातनं गेलेल्या अकराच्या अकरा मुलींपुढं तेच, फोटो नाही. मग तुम्ही केंद्रांची यादी उघडली आणि आपल्या गावापुढं थांबलात. पान पुन्हा उघडलं. शेरा तसाच. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि वहीत लिहिलं, १२.१० वा. टायपिंगच्या परीक्षेत वेळ लावायची सवय हो तुमची, ती अशा घडीलाही सुटली नाही. मी मात्र तोवर मनात पत्रकाची पहिली ओळ रचून मोकळा झालो होतो.

निष्काळजीपणा. हा शब्द कुणाला लावला? तुम्ही दुकानाच्या मागच्या भिंतीला पांढरं धोतर ताणून बांधलं होतं, फोटोमागं कॅलेंडर येऊ नये म्हणून. फळीवर कंगवा, पावडर, काळ्या पिना. मुलगी आली की आधी तिला आरशासमोर उभं करायचात. फोटो काढला की तिलाच पडद्यावर दाखवायचात, 'डोळं उघडं हाइत का बघ, वर्षभर ह्याच तोंडानं जेवायला उभं ऱ्हायचंय तुला तिथं.' पोरगी हसायची, तुम्ही दुसरा फोटो काढायचात, हसरा. मग तो जोडायचा, हिरवी खूण आली की पोरीला वाचून दाखवायला लावायचं: 'फोटो यशस्वीरीत्या जोडला.' अकरा मुलींनी ते वाक्य तोंडानं वाचलेलं आहे. त्यातल्या चौघींच्या वेळी मी स्वतः तिथं होतो.

असं असताना मी तुम्हाला काय विचारलं? हे आज लिहायलाच पाहिजे. मी विचारलं, 'ताई, नक्की जोडले होते ना फोटो?'

तुम्ही पडदा माझ्याकडं फिरवला आणि चहा सांगायला बाहेर गेलात. परत आल्यावर त्या प्रश्नाचं नाव काढलं नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी चार गावांत ओरडून सांगणारा माणूस, की कार्यालय म्हणतं म्हणून गरिबावर संशय घेऊ नका. आणि कार्यालयानं दोन शब्द लिहिले तर पहिला संशय मीच घेतला. तोही कुणावर, तर तुमच्यावर. माफी मागायची राहिली. मागतो.

दुसरी यादी शनिवारी लागणार होती. हातात पाच दिवस होते, आणि त्या पाच दिवसांत आपण काय करायचं यावरनं आपलं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मी मंगळवारी सकाळी पत्रक छापूनच आणलं. 'बेंबळीच्या मुलींवर डूख कुणाचा?' असा मथळा. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी आपल्या भागातल्या मुली मुद्दाम गाळल्या, जागा ओळखीपाळखीत वाटल्या, असं सगळं ठणकावून. दोनशे प्रती. तुम्ही एक घेतलीत, उभ्यानं वाचलीत आणि गठ्ठा उचलून प्रिंटरखाली सरकवलात.

'मुद्दाम गाळल्या हे तुला कुणी सांगितलं?'

मी म्हणालो, सांगायला कशाला पाहिजे, दिसतंय की.

'दिसत काय हाय? फोटो दिसत न्हाईत. तेवढंच दिसतंय. फोटो गेले कुठं ते आधी बघू. मग ओरड, मी बी येते ओरडायला.'

मी चिडून म्हणालो की तुमच्या असल्या सबुरीपायीच हा भाग मागं राहिला. तुम्ही म्हणालात, व्हय, आणि तुझ्या घाईनं लई पुढं गेला. मग खुर्ची ओढलीत, वहीचं कोरं पान काढलंत आणि मला बसायला लावलंत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आंदोलन त्या खुर्चीत बसून झालं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुमचं केंद्र बंद केलेलं, त्यामुळं तुमच्या नावानं साइट उघडत नव्हती. पण 'स्वतः अर्ज भरा' अशी एक खिडकी होती, कुठल्याही फोननंबरवर उघडणारी. त्यात अर्ज अर्धवट ठेवता यायचा, दाखल न करता. तुम्ही ठरवलं, इथंच फोटो जोडून बघायचा. पोरींचे फोटो असे वापरायचे नाहीत म्हणालात. मग माझा काढला. मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जात माझं दाढीवालं थोबाड, मागं ते पांढरं धोतर. 'पसंत पडलास तर नेतील,' असं म्हणून तुम्ही बटण दाबलं. हिरवी खूण आली. चौकटीत माझा फोटो झकास दिसला. तुम्ही पान बंद करून पुन्हा उघडलं. चौकट रिकामी, कोपऱ्यात फाटलेल्या चित्राची ती बारकी खूण.

म्हणजे पहिली गोष्ट कळली. जोडताना जो फोटो दिसतो तो साइटवरचा नसतोच. तो आपल्याच कॉम्प्युटरातला, साइट नुसती आपल्याला आरसा दाखवते. अकरा मुलींनी आरशात बघून 'यशस्वी' असं वाचलं होतं.

मला वाटलं सापडलं, चला पत्रक बदलू. तुम्ही म्हणालात, काहीच सापडलं न्हाय, आता कुठं हरवलंय एवढं कळलं.

मग सुरू झाली तुमची ती पद्धत, जिचा मला तेव्हा वैताग आला आणि जी आता मी प्रत्येक लढाईत वापरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्ही आधी संशय घेतलात तो स्वतःवर. फोटोच्या फाइलीला तुम्ही मुलीचं नाव देत होता, मराठीत. साइटला मराठी अक्षरं पचत नसतील. नाव बदललं, नुसते आकडे ठेवले. बाकी काही हलवलं नाही. जोडला, बंद केलं, उघडलं. रिकामं. वहीत लिहिलं: नाव, न्हवे. मग फोटो लहान करून बघितला. रिकामं. आकार, न्हवे. मग मशीनच बदललं, माझ्या फोनवरनं जोडला. मशीन, न्हवे. मी म्हणत होतो, ताई, नाव, आकार, मशीन सगळं एकदम बदलून बघू, वेळ वाचेल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'सगळं एकदम बदललंस आन चाललं, तर कशानं चाललं ते कसं कळंल? आन न्हाय कळलं तर त्या साहेबाला जाऊन काय सांगशील, धिक्कार?'

मंगळवार असा गेला. सहा 'न्हवे' झाले. संध्याकाळी दुकानात एक बाई सुनेला घेऊन आली, दुसऱ्याच कसल्या फॉर्मसाठी. सून दारातच थांबून सासूला हळूच म्हणाली की ह्यांचं बंद केलंय म्हणं, मोबाइलवर आलंय. दोघी परत फिरल्या. तुम्ही ऐकलंत. मला वाटलं आता तरी पत्रकाचा गठ्ठा बाहेर काढाल. तुम्ही सातवा प्रयोग लिहायला घेतलात. पण तुमचं अक्षर त्या पानावर वाकडं आलेलं आहे. वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे, म्हणून सांगतो.

बुधवारी तुम्हाला शोभा आठवली. सास्तूरला केंद्र चालवणारी तुमची जुनी विद्यार्थिनी. तिच्या सगळ्या मुली पहिल्या यादीत लागल्या होत्या. तुम्ही तिला फोन लावला, आधी तिच्या पोराची, सासूची चौकशी केली, मग म्हणालात, तुझ्या एका मुलीचा अर्ज उघड, फोटोवर बोट दाबून धर, आणि त्या फोटोचा पत्ता मला पाठव. मी विचारलं, फोटोला पत्ता असतो? तुम्ही कपाळाला हात लावला.

'तू स्टँडवर उभा हाइस. माझं दुकान कुठं? समोर. तू वेशीत उभा असलास तर समोर म्हणून भागंल का? म्हणून पत्ता सांगायचा तो वरनं: जिल्हा, तालुका, गाव, मग दुकान. कॉम्प्युटरचं तसंच. खोक्यात खोकं, त्यात खोकं, त्यात फोटो. मधलं एक खोकं चुकलं की संपलं.'

शोभाचा पत्ता आला. तुम्ही आपल्या रिकाम्या चौकटीचा पत्ता त्याच्या खाली उतरवलात. दोन ओळी, एकाखाली एक. टायपिंगचा पेपर तपासता तसं बोट ठेवून अक्षर अक्षर गेलात. साइटचं नाव सारखं. वर्ष सारखं. मग एका ठिकाणी बोट थांबलं. शोभाच्या पत्त्यात जिल्ह्याचं जुनं नाव होतं. आपल्या पत्त्यात नवं.

मी लगेच तोंड उघडलं असणार, कारण तुम्ही बोट वर केलंत. नाव कोणतं असावं यावर तुझं भाषण नको, असं तुम्हाला म्हणायचं होतं. बरोबरच होतं. नावाचा वाद मी इथंही करणार नाही. वाद खोक्याचा आहे.

झालं होतं ते असं. वसतिगृहाच्या फॉर्मवर जिल्हा निवडायचा रकाना. पूर्वी त्यात जुनं नाव होतं. नाव बदललं तसं संस्थेनं रकान्यात तळाशी नवं नाव वाढवलं आणि सगळ्या केंद्रांना लेखी सूचना धाडली: यापुढं नवं नाव निवडावं. जुनं काढून टाकायचं मात्र राहिलं. आता साइटची स्क्रिप्ट, म्हणजे तिला आतनं चालवणाऱ्या ओळी, करते काय, तर रकान्यात जे निवडलं त्याच नावाच्या खोक्यात फोटो ठेवायला जाते. जुन्या नावाचं खोकं आत होतं. नव्या नावाचं कुणी केलंच नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत पाट्या बदलत होत्या, लेटरहेड बदलत होते, एसटीच्या पाटीवर एक आणि तिकिटावर एक. लोकांच्या बोटाला मात्र जुनीच सवय. शोभानं कबूल केलं की तिनं सूचना वाचलीच नव्हती, पहिलं नाव दिसलं ते दाबलं. बहुतेकांनी तेच केलं असणार. तुम्ही सूचना वाचली. वाचून भिंतीवर चिकटवली. आणि अकरा वेळा, न चुकता, तळाशी जाऊन नवं नाव निवडलं.

निष्काळजीपणा म्हणे.

तरीही तुम्ही मला नाचू दिलं नाही. आधी पुरावा. दोन अर्धवट अर्ज. तोच माझा फोटो, तीच फाइल, तेच मशीन. एकात जुनं नाव, एकात नवं. बाकी मुंगीएवढाही फरक नाही. दोन्ही बंद करून उघडले. एकात मी दाढीसकट हजर. दुसऱ्यात फाटकी खूण. तुम्ही दोन्ही पानं छापून वहीत चिकटवलीत आणि खाली एकच शब्द लिहिलात: हेच.

मी विचारलं, पण मग खोकं नाही तर साइट बोंबलत का नाही? हिरवी खूण कशी देते? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी तेव्हापासून पाच सभांत वापरलंय, तुमचं नाव घेऊन.

'पोस्टमनला घर सापडलं न्हाय तर तो पत्र परत तरी आणतो. हा पोस्टमन पत्र वाटेत टाकून देतो, आन पोचलं म्हणून सही ठोकतो.'

गुरुवारी आपण एसटीनं धाराशिवला, संस्थेच्या कार्यालयात गेलो. तुमच्या मांडीवर वही, माझ्या पिशवीत पत्रकं, तुमची नजर चुकवून घेतलेली. व्यवस्थापकांनी बसा म्हटलं नाही. वर विचारलं, बाकीच्या केंद्रांचे फोटो येतात बाई, मग तुमचेच कसे येत नाहीत? मी उठणार होतो. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि अगदी सावकाश म्हणालात:

'बाकीच्यांनी तुमची सूचना वाचली न्हाय, म्हणून त्यांचे येतात. मी वाचली.'

व्यवस्थापकांनी शेजारच्या खोलीकडं बोट दाखवलं. मी एवढ्या घोषणा दिल्या, एकीनंही कुठल्या कार्यालयात तसं झालं नाही.

साइट बघणारे गृहस्थ शेजारच्या खोलीत होते, चाळिशीचे, चष्मा डोक्यावर. त्यांनी वही बघितली आणि व्यवस्थापकांना न विचारता स्क्रिप्ट उघडली. खरं तर ते एकटेच त्या इमारतीत लाजले. तुम्ही त्यांच्या मागं उभ्या राहून वाचत होता, आपल्या टायपिंग क्लासच्या साइटसाठी तुम्ही असली स्क्रिप्ट स्वतः लिहिली होती, नेटवर बघून बघून, चुकून चुकून. तुम्ही पडद्यावर बोट ठेवलं. इथं फाइल हलव म्हणून सांगितलंय. हलली का, हे कुठं विचारलंय? गृहस्थ म्हणाले, नाही विचारलेलं. आणि खालच्या ओळीत हिरवी खूण? हो, म्हणाले, ती येतेच. काहीही झालं तरी येते.

तुम्ही त्यांना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. ठेवायच्या आधी खोकं आहे का बघा, नसलं तर करा. आणि फाइल हलली नाही तर लाल खूण दाखवा, पोरीला तिथल्या तिथं कळू द्या. त्यांनी दोन्ही तुमच्यासमोर केलं. मग तुम्ही माझा फोटो पुन्हा जोडायला लावला, नवं नाव निवडून. बंद केलं, उघडलं. आलो मी. मग म्हणालात, आता ह्याला काढून टाका, पोरी घाबरतील.

त्या गृहस्थांनी अकरा अर्ज पुन्हा उघडून दिले, आणि मुलींचे फोटो आपण शुक्रवारी नव्यानं जोडले. शनिवारी दुसरी यादी लागली आणि अकराही मुलींची नावं त्यात होती. कोमल आज त्या वसतिगृहात आहे. तिच्या वडलांनी पेढे आणले तेव्हा तुम्ही एक घेतला आणि यादीच्या खालचं पान उघडलं. केंद्रांची यादी. बेंबळी. बंद. केंद्रचालकाचा निष्काळजीपणा.

व्यवस्थापक म्हणाले होते, शेरा काढायचं समितीपुढं ठेवू. तुम्ही अर्ज केलात, वहीतल्या पानांच्या झेरॉक्स जोडून. उत्तर नाही. दुसरा केलात. समितीची बैठक व्हायची आहे. तिसऱ्याला तर पोचही मिळाली नाही. स्क्रिप्ट एका दुपारी दुरुस्त झाली. शेरा सात महिने जागचा हलला नाही. खोकं करायला त्या गृहस्थांना दोन ओळी लागल्या. तीन शब्द पुसायला समिती लागते.

आणि इथंच आपला वाद अडकला, ताई. मी म्हणायचो, बघा, मी म्हणत होतो तेच, डूख आहे. तुम्ही म्हणायचात, डूख नव्हता, आपण शोधून काढलं ना, चूक होती. चूक केली म्हणून माणूस वाईट ठरत न्हाय, त्याला कबूल करायला वेळ लागतो, वेळ दे. मी म्हणायचो, चूक तोवरच चूक, जोवर कुणी दाखवत नाही. वही टेबलावर ठेवल्यानंतर, आकडे, पत्ते, छापील पानं समोर मांडल्यानंतर जे उरतं त्याला चूक म्हणायचं नाही. तुम्ही म्हणायचात, तुला सगळीकडं दुश्मन लागतो. मी म्हणायचो, तुम्हाला कुणीच लागत नाही. शेवटचं भांडलो ते संक्रांतीच्या दिवशी, तुमच्याच ओट्यावर. तुम्ही हातावर तिळगूळ ठेवून म्हणालात, 'ह्या महिन्याच्या बैठकीत काढतील बघ. न्हाय काढला तर तुझं पत्रक मीच टाइप करून देते. धिक्कारासकट.'

बैठक झाली, ताई. चौकशी केली मी. शेरा विषयपत्रिकेवरच नव्हता. हे सांगायला मी येणारच होतो. मी यायच्या आदल्या सकाळी तुम्ही चहाचं आधण ठेवता ठेवता गेलात.

तेव्हा वादाचा निकाल मीच देतो, तुम्ही रागावलात तरी. मंगळवारी मी चुकलो होतो. माझं पत्रक खोटं होतं आणि ते प्रिंटरखाली सरकवून तुम्ही मला वाचवलंत. त्या दोनशे प्रती गावात गेल्या असत्या तर ती वही कुणी उघडून बघितली नसती, आणि कोमल आज घरात असती. ते माझं आंधळं ओरडणं होतं. पण त्यानंतरचे सात महिने बरोबर मी आहे. तुम्ही त्यांना वेळ दिला. त्यांनी तो घेतला आणि तुम्हाला दिला नाही. सबुरी तुम्ही पुरावा मिळेपर्यंत धरायला शिकवली मला, आणि ती मी जन्मभर धरीन. पुरावा मिळाल्यावर काय धरायचं ते मात्र मला येतं.

मला रडू येत नाही म्हणून तुमच्या घरी काही बायका माझ्याकडं बघत होत्या. मला राग येतो, रडायच्या जागी. भाऊजींनी, तुमच्या यजमानांनी, ओळखलं ते. आत गेले आणि वही आणून माझ्या हातात दिली. एवढंच म्हणाले, 'तुमच्या दोघांचीच होती ती.'

तिसऱ्या दिवशी कोमल आली होती, वसतिगृहातनं सुट्टी काढून. तुमच्या फोटोला नमस्कार केला, बाजूला आली आणि मला विचारलं, 'दादा, ताईंच्या पुढं ते अजून हाय का?' मी म्हणालो, हाय. ती म्हणाली, आमी रोज त्याच साइटवर हजेरी लावतो. रोज दिसतं.

रोज. ज्या मुलीला तुम्ही त्या दारापर्यंत नेलं, तिला त्याच दारावर रोज सकाळी वाचायला लागतं की तुम्ही निष्काळजी होता.

ताई, तुमच्याशी बोलायचं ते एवढंच होतं. तुम्ही शिकवलंत ते मी विसरणार नाही, भांडलात तेही विसरणार नाही. शेरा निघेल. मी आशा म्हणून नाही, सांगून ठेवतो म्हणून लिहितोय. आता थोडं पलीकडं सरा, मला हे वाचणाऱ्याशी बोलायचंय.

तुम्ही, ज्यांच्या हातात हा कागद आहे. तुम्ही फॉर्म केंद्र चालवत असाल, त्या वसतिगृहात तुमची मुलगी असेल, नाही तर रत्नमालाताईंकडं कधी काळी टायपिंग शिकला असाल. वाईट झालं असं म्हणून कागद घडी घालू नका. आधी ती साइट स्वतः उघडा, केंद्रांची यादी काढा, बेंबळीपुढं काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मग संस्थेच्या नावानं एक अर्ज लिहा, तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं. त्यात दोनच मागण्या करा: बेंबळीच्या केंद्रापुढचा शेरा काढा, आणि चूक स्क्रिप्टची होती, केंद्रचालकाची नव्हती, हे त्याच पानावर, त्याच लाल अक्षरांत, रत्नमाला शिंदे हे नाव घालून लिहा. धिक्कार घालू नका. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तो अर्ज घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, आणि पोच हातात पडेपर्यंत तिथनं उठू नका.